शेवटचा फर्मा

कुमुदताई कर्णिक भुताविषयी बोलताना आवाज कधी चढवत नसत. डोळे मोठे करणं, मध्येच थांबून सगळ्यांकडे पाहणं, टेबलावर थाप मारणं हे आमच्या मंडळातल्या बाकीच्यांनी करून पाहिलं होतं. कुमुदताई मात्र ‘कोल्हापूर लागलंय, बोला’ असं सांगावं तशा सपाट, स्वच्छ आवाजात सांगायच्या, ‘मग तिनं मागे वळून पाहिलं. पाट तीन होते.’ आणि डोंबिवलीतल्या त्या क्लासच्या खोलीत, भर दुपारी, फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धवट राहिलेलं असताना, माझ्या दंडावर काटा यायचा.

आमचं मंडळ म्हणजे र. वि. तळगावकरांच्या चाहत्यांचं. तळगावकरांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. पण एके काळी भाड्याने पुस्तकं देणाऱ्या प्रत्येक दुकानात त्यांच्या भयकथांचा एक वेगळा खण असायचा आणि तो कायम रिकामा असायचा. आम्ही पंधरा-वीसजण महिन्यातून एका रविवारी जमतो, एकदा ठाण्यात, एकदा डोंबिवलीत. प्रत्येकाने आपल्या आवडत्या कादंबरीबद्दल बोलायचं. नियम एकच: शेवट सांगायचा नाही. एवढ्या एका नियमावर आमची दुपार कशी जाते ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ‘ओली पावलं’ श्रेष्ठ की ‘सतरा नंबरची विहीर’, यावरून दोन सभ्य माणसं महिनाभर एकमेकांशी बोलली नव्हती.

मंडळ चालवतात ते देवधर. बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवलीचेच. तळगावकरांची सगळी पुस्तकं त्यांच्याकडे आहेत, तीही पहिल्या आवृत्तीची, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर. पुस्तक हातात देण्याआधी ते समोरच्याच्या बोटांकडे बघतात. फक्त एक पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं, ‘तिसरा पाट’. ते कुणाकडेच नव्हतं. एकदाच छापलं गेलं आणि मग पुन्हा निघालंच नाही. मंडळात ते वाचलेली एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे कुमुदताई. म्हणून नियमाला एकच अपवाद होता. ‘तिसरा पाट’चा शेवट सांगायला कुमुदताईंना परवानगी होती. परवानगी कसली, आग्रहच असायचा. बैठक संपत आली की आमचा निनाद, जो आयटीत आहे आणि एरवी सगळ्याला ‘भारी’ किंवा ‘बकवास’ एवढंच म्हणतो, तो म्हणायचा, “ताई, एकदा पाट होऊन जाऊ दे ना.” मग कुमुदताई पर्स मांडीवर घेऊन सरळ बसायच्या.

मी या मंडळात आले ती संकोचतच. माझं शिक्षण बार्शीचं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आमच्या घरी पुस्तकं यायची ती गाडीत लोक विसरून गेलेली. चौकशीला कुणी आलं नाही की वडील ती घरी आणायचे, बहुतेक भयकथा, बहुतेक कव्हर नसलेल्या. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मराठीच्या सरांनी आवडता लेखक विचारला, मी तळगावकरांचं नाव सांगितलं आणि वर्ग हसला. त्यानंतर लग्न होऊन डोंबिवलीत येईपर्यंत आणि एमआयडीसीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागेपर्यंत मी ते नाव कुणासमोर घेतलं नव्हतं. मंडळातल्या पहिल्या दिवशी ही एसटीची गोष्ट मी चाचरत सांगितली. देवधर म्हणाले, “म्हणजे तुम्ही अपूर्ण प्रती वाचल्यात.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मी गोष्ट तिथेच आवरती घेतली. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून कुमुदताईंनी विचारलं, “आणि विसरलेला माणूस पुस्तक न्यायला परत आला कधी?”

मी सांगितलं की एकदा एक बाई आल्या होत्या, पुस्तक मागून नेलं नाही, डेपोच्या बाकावर बसून शेवटची पंधरा-वीस पानं वाचली, पुस्तक परत वडिलांच्या हातात दिलं आणि पुढच्या गाडीने गेल्या. कुमुदताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला त्या बाईंचं लुगडं कसलं होतं तेही विचारलं. असं कुतूहल मी आधी कुणात पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूच्याच खुर्चीवर बसू लागले.

कुमुदताई ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक बोर्डावर. कानाला हेडसेट लावून, समोरच्या भोकांत दोऱ्या खुपसून, ह्या गावाला त्या गावाशी जोडायचं काम. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी फोन उचलला की ‘हॅलो’ऐवजी त्या गावाचं नाव घेतल्यासारखं ‘ठाणे’ म्हणायच्या. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी चेहऱ्यावर काही न दिसू देण्याची सवय तिथलीच. आणि त्यांची दुसरी एक सवय, जिचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही, तीही तिथलीच. पुस्तक वाचत असलेल्या माणसाला त्या कधी ‘कितव्या पानावर आहेस’ विचारत नसत. ‘कितव्या फर्म्यावर आहेस’ विचारायच्या.

त्याचं असं. बोर्डावर त्या सहाजणी मैत्रिणी होत्या. त्यांची ड्यूटी तुटक असायची, सकाळी काही तास, मग मधली सगळी दुपार मोकळी, मग पुन्हा संध्याकाळी. लांब राहणाऱ्या मुली घरी जाऊन येऊ शकत नसत. विश्रांतीच्या खोलीत चार खाटा आणि एक आरसा. सहाजणींनी वर्गणी काढून तळगावकरांची नवी कादंबरी घ्यायची, पण वाचायला एकच प्रत आणि धीर कुणालाच नाही. म्हणून त्या पुस्तकाची शिलाई सोडवायच्या. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं शिवलेलं असतं. ते फर्मे सुटे करायचे आणि हातोहात फिरवायचे. एकीचा पहिला झाला की तो पुढच्या मुलीकडे. कुणी रजेवर गेली की गोंधळ. मग दुसऱ्याच्या आधी तिसरा फर्मा वाचावा लागायचा, आणि आधी प्रेत दिसायचं, मग तो माणूस हसत-खेळत चहा पिताना दिसायचा. ‘त्याची जास्त भीती वाटायची गं,’ कुमुदताई म्हणायच्या. सगळ्यांचं वाचून झालं की एकजण सुई-दोरा घेऊन पुस्तक पुन्हा शिवायची.

यातून त्यांची माणसं मोजायची एक भाषाच तयार झाली होती. कुणी घाईने मत दिलं की म्हणायच्या, “तो अजून दुसऱ्या फर्म्यावर आहे, त्याला बोलू दे.” सुनेबद्दल तक्रार करणाऱ्या शेजारणीला त्यांनी सांगितलं होतं, “तुमच्याकडे तिचा मधलाच फर्मा आलाय. पहिला तिच्या आईकडे आहे.” प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठांनी माझ्यावर नाहक आवाज चढवला, तेव्हा मी कुमुदताईंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, त्या माणसाचा आजचा फर्मा घरून येताना उलटा लागलेला दिसतो, उद्या सकाळी पुन्हा बघ. दुसऱ्या दिवशी कळलं की वरिष्ठांची मुलगी आजारी होती.

आता ‘तिसरा पाट’. गोष्ट साधी आहे. एका धरणाच्या कामावर एक ओव्हरसियर बदलून येतो. गावापासून लांब सरकारी क्वार्टर, तिथे तो आणि त्याची नवी बायको इंदू. रोज संध्याकाळी ती जेवणासाठी दोन पाट मांडते, भात वाढायला आत जाते, आणि परत येते तर पाट तीन. नवऱ्याला काही दिसत नाही. पुस्तकभर इंदू घाबरत राहते. आणि शेवटी, कुमुदताईंच्या आवाजात, एका संध्याकाळी इंदू स्वतःच तिसरा पाट मांडते. त्यापुढे पान ठेवते, मीठ वाढते, लिंबू वाढते, भाताची मूद घालते, वरण घालते. आणि रिकाम्या पाटाकडे बघून म्हणते, “बसा. रोज इथंच जेवा. पण यापुढे मला न विचारता पाट मांडायचा नाही.”

एवढंच. पुस्तक संपलं.

हे वाक्य कुमुदताईंनी नुसतं सांगितलं नाही, वापरलं. त्यांचं सासर टेंभी नाक्याजवळ, दोन खोल्यांचं. नवऱ्याचे एक चुलते, नाना, रोज बरोबर पानं वाढायच्या वेळी न सांगता यायचे. कुणी काही बोलायचं नाही. शेवटी जेवायला बसणारीच्या वाटणीचं कमी व्हायचं, आणि शेवटी बसणारी म्हणजे नवी सून. ‘तिसरा पाट’ वाचून झालं त्याच आठवड्यात एक दिवस कुमुदताईंनी नाना यायच्या आधीच त्यांचं पान मांडलं. ते दारात आले तेव्हा म्हणाल्या, “या नाना, बसा. रोज इथंच जेवा. पण यापुढे मला न विचारता यायचं नाही, सकाळी निरोप धाडायचा.” सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. नाना पाटावर बसले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दारातून हाक दिली, नाना म्हणतात आज येतो. नाना गेले तोपर्यंत त्यांचा निरोप कधी चुकला नाही, आणि घरात सगळ्यात जास्त माया त्यांनी ह्या सुनेवरच केली. कुमुदताई म्हणायच्या, मला धिटाई आईनं नाही शिकवली, तळगावकरांनी शिकवली.

नवरा गेल्यावर त्या वर्तकनगरच्या घरात एकट्या राहायच्या. मुलगा पुण्याला बोलवायचा, त्या चार दिवस जाऊन परत यायच्या. एकटीसाठीही रोज पूर्ण ताट वाढायच्या, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. एकटीला कसलं ताट म्हणून ओट्याशी उभ्याने खाणाऱ्या बायका स्वतःच भूत होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने तळगावकरांची पुस्तकं पुन्हा काढायची ठरवली आणि पुण्याच्या कुणा वाचकाकडे त्यांना ‘तिसरा पाट’ची प्रत मिळाली. आमच्या मंडळात सण झाला. डोंबिवलीत मोठी बैठक ठरली, प्रकाशक येणार, तळगावकरांच्या कन्या येणार, आणि ‘तिसरा पाट’वर बोलणार अर्थातच कुमुदताई. पत्रिकेत त्यांचं नाव छापलं गेलं.

मग देवधरांच्या हाती नवी प्रत आली. त्यांनी मला फोन केला. कधी नव्हे तो त्यांचा आवाज खाली होता. “अर्चना, शेवट वेगळा आहे.”

मी त्यांच्या घरी जाऊन शेवटची पानं वाचली. छापलेल्या शेवटात इंदू पाट मांडत नाही. शेवटच्या सोळा पानांत तालुक्याहून एक मांत्रिक येतो, ज्याचं आधी पुस्तकात कुठं नाव नाही. इंदू पहिल्याच परिच्छेदात बेशुद्ध पडते. मांत्रिक खिळा ठोकतो, नवरा त्याचे पाय धरतो, बदलीचा हुकूम येतो आणि दोघं बैलगाडीतून निघून जातात. बेशुद्ध पडल्यानंतर इंदूला पुस्तकात एकही वाक्य नाही.

आम्ही तिघं, देवधर, निनाद आणि मी, क्लासच्या खोलीत बसलो. देवधरांचं म्हणणं, हे कुमुदताईंना आधी सांगायलाच हवं. लेखकाच्या मुलीसमोर त्या नसलेला शेवट सांगतील आणि सगळ्यांच्या हातात पुस्तक असेल. निनाद म्हणाला, “सर, त्यांचं आख्खं आयुष्य त्या लाइनवर चाललंय. तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.” देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठाण्याला गेले.

कुमुदताई जेवायला बसत होत्या. मला बघून त्यांनी न विचारता दुसरं ताट घेतलं. वालाचं बिरडं होतं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तर त्यांनीच टीपॉयकडे बोट केलं. तिथे नवा ‘तिसरा पाट’ होता, चष्म्याचं घर खुणेला घातलेलं. प्रकाशकाने त्यांनाही प्रत पाठवली होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“काल संपवलं,” त्या म्हणाल्या. “अगं, त्या बाईला बोलूच दिलेलं नाही.”

मी विचारलं की मग तो शेवट आला कुठून. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कुठेतरी गहाळ झाला. तो त्या सहाजणींतल्या लीलाकडे होता, लीलानं वाचला होता, आणि बाकीच्या जणींनी घेराव घातला तेव्हा तिने आरशासमोर वेणी घालता घालता तोंडी सांगितला. पाट, मीठ, लिंबू, सगळं. म्हणजे लीलानं बनवून सांगितला होता, आणि त्यांनी पन्नास वर्षं तो लेखकाचा म्हणून धरला होता.

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. वाटलंही असेल, कारण त्या दिवशी त्यांनी भात तसाच ठेवला. पण चेहऱ्यावर होतं ते वेगळंच. लांबचा कॉल लागत नसताना दोरी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालून बघणारीचा तो चेहरा असावा.

“लेखकाचं म्हणून ते वाक्य मी नानांना ऐकवलं,” त्या म्हणाल्या. “लेखकाचं आहे म्हणून हिंमत झाली. आता रविवारी त्यांच्या मुलीपुढे उभी राहू ती कुणाचं म्हणून?”

मी म्हटलं, दुसऱ्या पुस्तकावर बोला, देवधर पत्रिका बदलतील. त्यांनी मान हलवली. आधी लीलाला विचारायचं, म्हणाल्या. का बनवलंस, आणि बनवायचंच होतं तर हेच का.

लीलाताई भोईर कल्याणला पारनाक्याजवळ राहायच्या. दोघींची भेट कित्येक वर्षांत नव्हती, दिवाळीला फोन तेवढा. मी सोबत गेले. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, गुडघे गेल्यामुळे लीलाताई खाली उतरत नव्हत्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कुमे, केस सगळे पिकले की गं तुझे.” कुमुदताई म्हणाल्या, “तुझे उरलेत तेवढे तरी पिकलेत.” मग दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या आणि मी भिंतीवरचे फोटो पाहिले.

चहा झाल्यावर कुमुदताईंनी पुस्तक काढलं, छापलेला शेवट वाचून दाखवला आणि विचारलं, “तू आम्हाला का फसवलंस?”

लीलाताई गोंधळल्या. पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “मी? अगं, शेवटचा फर्मा तुझ्याकडे होता.”

“माझ्याकडे कुठला?”

“तुझ्याकडेच. तू संध्याकाळच्या ड्यूटीआधी आलीस, खाटेवर बसलीस, आणि तो शेवट तू सांगितलास. मी वेणी घालत होते, माझ्या हातातला कंगवा थांबला, मला चांगलं आठवतंय. मी पुढे माझ्या सुनांना तो सांगितला, नातीला सांगितला, कुमुदनं वाचलेला म्हणून.”

पुढचा अर्धा-पाऊण तास त्या दोघी भांडल्या. एकीला आरसा आठवत होता, दुसरीलाही आरसा आठवत होता. वेणी दोघींना आठवत होती, कंगवाही. फक्त सांगणारी प्रत्येकीच्या आठवणीत दुसरी होती. बाकीच्या चौघींपैकी कुणी सांगितला असेल का, म्हणून नावं निघाली. दोघी गेल्या, एकीचा पत्ता नाही, एक मुलाकडे परदेशात असते आणि तिला आता माणसंही ओळखू येत नाहीत. शेवटी लीलाताई हसायला लागल्या. म्हणजे एवढी वर्षं मी तुला हुशार समजत होते आणि तू मला, म्हणाल्या. “माझ्या सुनांनी मात्र दोघींचं पितळ उघडं पडू दिलं नाही. थोरलीनं माझ्यावरच वापरलं ते वाक्य. ‘माझ्या स्वयंपाकघरात मला न विचारता डबे हलवायचे नाहीत’ म्हणाली.”

“आणि तू?”

“मी काय, नाही हलवले. सकाळी उठून पाहते तर तिसरं ताट घासून उपडं ठेवलेलं.”

“कुठलं ताट?” कुमुदताईंनी विचारलं.

“अगं, त्या इंदूच्या घरातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटी आहे ना तसं. ती उठते तर तिसरं ताट घासून, ओट्यावर उपडं घातलेलं.”

कुमुदताईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्या पुढे सरकून बसल्या. चुलीच्या बाजूला की कडेला, ओलं की कोरडं, इंदूने ते उचलून पुन्हा वापरलं का, असं सगळं त्यांनी लीलाताईंना विचारून घेतलं, आणि लीलाताई कपाळाला आठ्या घालून, खऱ्या आठवणीतून काढावं तसं एकेक सांगत गेल्या. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून कुमुदताई म्हणाल्या, “रविवारी मीच बोलते. देवधरांना सांग, काही बदलू नका.”

बैठकीला खोली भरली होती. तळगावकरांच्या कन्या पहिल्या रांगेत, सत्तरीच्या, शांत. कुमुदताई उभ्या राहिल्या. आधी त्यांनी छापलेला शेवट सांगितला, मांत्रिक, खिळा, बैलगाडी, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, कुणाला हिणवल्याचा सूर न येऊ देता. मग म्हणाल्या, “हा तळगावकरांचा. आता आमच्या एक्स्चेंजचा सांगते. तो कुणी केला हे आम्हाला आता कळत नाही, पण तो खोटा सांगितला असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.” आणि नेहमीच्या आवाजात तिसरा पाट मांडला. मीठ, लिंबू, मूद, वरण, ते वाक्य. आणि पहिल्यांदाच, सकाळचं ताट.

देवधर उठले. त्यांचा चेहरा लालसर झाला होता. “कर्णिकबाई, आदर ठेवून सांगतो, पण हे तळगावकरांचं नाही.”

“नाहीच,” कुमुदताई म्हणाल्या.

आता सगळ्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तळगावकरांच्या कन्या म्हणाल्या की वडील दर महिन्याला एक पुस्तक द्यायचे, शेवटचं प्रकरण लिहिताना छापखान्याचा माणूस दारातल्या ओट्यावर बसलेला असायचा आणि आई त्याला दुसऱ्यांदा चहा द्यायची. एवढं सांगून त्यांनी विचारलं, तुम्हा मुलींपैकी कुणाला कधी बाबांना पत्र लिहावंसं वाटलं नाही का. कुमुदताई म्हणाल्या, “काय लिहिणार? आमच्याकडे पुस्तक पुरं होतं.”

त्या बाई हसल्या, आणि खोलीला श्वास मिळाला. निनादने टाळ्या सुरू केल्या. चहाच्या वेळी मी कप गोळा करत होते, तेव्हा देवधर कुमुदताईंच्या खुर्चीपाशी आले. काहीतरी कडक बोलतील असं वाटलं. ते वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “ते ताट ओलं होतं की कोरडं?”

त्यानंतर कुमुदताई महिन्यातून एकदा कल्याणला जाऊ लागल्या. दोघी पुढचं ठरवत बसायच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत आठवत बसायच्या. ओव्हरसियरला कधी कळलं का, पाहुण्याला काय आवडायचं, पावसाळ्यात क्वार्टर गळायला लागल्यावर पाट कुठे मांडला. मी दोन-तीनदा सोबत होते. मला कुणी काही विचारत नसे आणि मला त्याचं फार समाधान वाटायचं.

शेवटच्या वेळी आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. लीलाताई वर गॅलरीत उभ्या, आम्ही खाली रिक्षात. कुमुदताईंनी डोकं बाहेर काढून वर पाहिलं आणि विचारलं, “लीले, एक राहिलं. त्या दिवशी इंदूला झोप लागली का गं?”

“मला काय विचारतेस?” वरून उत्तर आलं. “तूच सांगितलंस ना सगळं.”

“बरं. मग पुढच्या वेळी सांगते.”

रिक्षा निघाली. वळणावर रिक्षावाल्याने गाण्याचा आवाज बारीक केला आणि आरशातून मागे बघत विचारलं, “आजी, ही इंदू कोण? काय झालं तिला?”

मला वाटेत नणंदेकडे उतरायचं होतं. मी उतरले तेव्हा कुमुदताई पुढच्या दांडीला धरून, किंचित वाकून, त्या सपाट आवाजात सुरुवातीपासून सांगत होत्या. मला त्यांनी हात केला, पण वाक्य तोडलं नाही.

ऐन गणपतीत त्या गेल्या, झोपेत. पुढची वेळ आली नाही. लीलाताईंना मी फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “ताट कुणी आवरलं गं तिचं?” कुमुदताईंचा मुलगा सांगत होता की आदल्या दिवशीचं ताट घासून ओट्यावर ठेवलेलं होतं. मी तेच सांगितलं.

पण मला कुमुदताई आठवतात त्या रिक्षातल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. पुढे चौक होता, हवालदाराने ह्या बाजूला जायचा हात दाखवला होता, मागे हॉर्न वाजत होते, आणि ती एक रिक्षा हलत नव्हती. रिक्षावाला पूर्ण मागे वळून बसला होता. तिकडे नुकताच तिसरा पाट मांडला गेला असावा.